खाडी नासवली कुणी?

मंडळी, एक सांगा मला. ज्याला देहच नाही, त्याला पाप लागतं का? माणूस चुकला तर कॉलर धरता येते. पण कंपनी? तिला ना हात, ना पाय, ना लाज! धरायचं कुणाला? ऐका तर.

खाडीकाठचं गाव. तिथली हौसाबाई तांडेल ओहोटीला चिखलात उतरायची, तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, वेचून बाजारात विकायची. एका सकाळी बघते तर पाणी तांबडं, आणि तिसऱ्या तोंडं उघडून मेलेल्या! वरच्या अंगाला रंगाचा कारखाना. आता निराळं सांगायला हवं का?

गाव कोर्टात गेलं. कंपनी म्हणाली, आमचा नियम चोख आहे. नारायण घरत नावाच्या कामगारानं परस्पर सांडपाण्याची झडप उघडली. त्याला कामावरून काढलंय, शिक्षाही त्यालाच करा. गावालाही पटलं. हौसाबाईला मात्र पटेना. ती थेट नारायणच्या घरी गेली. त्यानं रडत सांगितलं, की पाणी शुद्ध करायचं यंत्र आठ महिने बंद होतं. त्यानं चारदा लेखी कळवलं होतं. उत्तर एकच — ‘तूर्त असंच सोडा’. खाली संचालकांच्या सह्या!

“कागद घेऊन चल,” हौसाबाई म्हणाली. “तुझ्या शेजारी मी उभी राहते.”

आणि राहिली! न्यायाधीशबाईंना म्हणाली, “बाई, झडप यानं उघडली, खरं. पण रंग विकून आलेला नफा काय हा घरी नेत होता?”

निकाल लागला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कंपनी स्वतःच्या नावावर जमीन घेते, नफा घेते. मग गुन्हाही तिच्याच नावावर. आणि ज्यांच्या हुकमानं ती चालली, त्यांनाही तिच्याआड लपता येणार नाही. नारायण सुटला. संचालक आरोपी झाले. खाडी कंपनीच्या खर्चानं साफ झाली, आणि तिसऱ्या साली चिखलात पुन्हा तिसऱ्या! पहिली टोपली हौसाबाईनं नारायणच्या दारात ठेवली. मी माळकरी, मला चव काय ठाऊक! पण आळीभर वास दरवळला म्हणतात.

हसलात? छान. आता पुढच्या रांगेतल्या देवळाच्या विश्वस्तांना विचारतो. परवाच्या भंडाऱ्याच्या पत्रावळी ओढ्यात कुणी टाकल्या? ‘विश्वस्त मंडळानं’ म्हणता? बरं. मग मंडळानं हात वर करावेत!

...आले, आले! चला, उद्या सकाळी याच हातांनी ओढा साफ करू. आणि आत्ता याच हातांनी टाळी वाजवा, विठ्ठल विठ्ठल!