शेवटची ओळ मोकळी ठेवा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आमच्या खात्याचे आजी-माजी अधिकारी, आज ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या बाई, त्यांच्या घरची मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

सुरुवात करण्याआधी दारात उभ्या असलेल्यांना एक विनंती. संकोच करू नका, पुढे या, मधल्या खुर्च्या रिकाम्या आहेत. शेवटची ओळ मात्र मोकळी राहू द्या, ती राखून ठेवलेली आहे. कोणासाठी, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

मी आज बोलणार हे कळल्यावर बाई मला म्हणाल्या, "कौतुक कमी कर आणि आटोपतं घे, चहा गार होतो." बाई, यातलं एकही मला जमेल असं वाटत नाही. तुमच्या हाताखाली शिकले, पण तुमच्यासारखं मोजकं बोलायला काही शिकले नाही.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं काम एकच. नदीचं पाणी वाढलं की वस्तीतल्या घराघरात फोन जातो: पाणी येतंय, वर चला. ज्याने ऐकलं त्याने एक बटण दाबायचं, म्हणजे आमच्या पडद्यावर त्या घरापुढे 'ऐकलं' असं उमटतं. आज हे यंत्र करतं. पूर्वी एक तरुण मुलगी रिसीव्हर कानाला लावून एकेक नंबर फिरवायची. क्रम ठरलेला होता, टेकडीवरच्या घरांपासून खाली. नदीकाठची गल्ली सगळ्यात शेवटी. असा क्रम कोणी आणि का लावला, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडलाच नाही. मोठा पूर आला त्या दिवशी ती मुलगी शेवटच्या गल्लीपर्यंत पोचायच्या आत फोन बंद पडले आणि ती गल्ली वाहून गेली. ती मुलगी म्हणजे आपल्या बाई, आणि त्या गल्लीत त्यांची थोरली बहीण राहत होती.

हे इथल्या अनेकांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मी बाईंना विचारूनच बोलते आहे.

त्यानंतर आमच्या थोरल्या साहेबांनी हे फोन आपोआप लावणारा प्रोग्राम लिहिला. तो ज्या भाषेत आहे ती भाषा नुसती चिन्हांची. बाण, गोल, तिरक्या रेघा, ठिपके. एकेका घराला फोन कर असं तिच्यात लिहावं लागत नाही. सगळी वस्ती एकदम हातात घ्यायची, आडव्या-उभ्या ओळींचा एक तक्ता करायचा, आणि एक चिन्ह टाकलं की अख्खा तक्ता उलटा होतो, गाळला जातो, जोडला जातो. वाचायला बसलं की डोळे फिरतात. साहेब गेले आणि ते वाचणाऱ्या एकट्या बाई उरल्या. तुम्हीच सांगा, गावाचा जीव ज्यावर अवलंबून आहे ते एकाच माणसाला वाचता यावं, हे बरं आहे का?

म्हणून निवृत्ती जवळ आल्यावर बाईंनी एक काम काढलं. प्रत्येक चिन्हाला साधं मराठी नाव द्यायचं. गोलाच्या जागी 'उलट'. तिरक्या रेघेच्या जागी 'गोळा कर'. पद्धत त्यांनीच पाडली. दुपारच्या चहाला त्या मोठ्याने वाचायच्या आणि मी डोळे मिटून ऐकायचं. मला नुसतं ऐकून कळलं तर नाव पास. एकदा त्यांनी 'संस्कारित कर' असं काहीतरी वाचलं आणि मला चक्क डुलकी लागली. त्यांनी ते खोडून 'गाळ' केलं. त्या दिवसापासून माझ्या झोपेला खात्यात मान आहे.

अशाच एका दुपारी बाईंनी वाचलं. "घरं घे. शेवटची ओळ वगळ. उलट कर. फोन लाव."

मी डोळे उघडले. बाईंचा कप बशीपासून थोडा वर तसाच थांबला होता.

'उलट कर' का, ते लगेच कळत होतं. नदीजवळच्यांना फोन आधी जावा म्हणून. साहेबांनी पुरानंतर तो क्रम फिरवला होता. पण 'वगळ'? मूळ प्रोग्राममध्ये तिथे होता एक लहानसा बाण, तोंड खाली केलेला. त्या बाणावरून बाईंची नजर कित्येक वर्षं रोज जात होती. बाण कोणाला टोचत नव्हता. शब्द टोचला. बाई म्हणाल्या, "अगं, ती गल्ली अजून यादीत आहे. ताईचं घर यादीत आहे. साहेबांनी पुसलं नाही, नुसतं वगळलं."

साहेबांनी असं का केलं असेल? आमचे लाइनमन काका इथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना विचारा. प्रोग्रामची पहिली चाचणी झाली त्या दुपारी साहेब खोलीतून बाहेर आले, घामाने भिजलेले, आणि काकांना म्हणाले, "त्या खालच्या गल्लीची तार काढून टाक." काका म्हणाले, "साहेब, तिथे तार आहेच कुठे?" साहेब पुन्हा आत गेले. बाण बहुधा तेव्हाच आला.

बाईंनी तो शब्द काढला. दर महिन्याच्या चाचणीत त्या गल्लीला सर्वांत आधी फोन जाऊ लागला. आता तिथे काय आहे? गवत आहे, थोडे चौथरे आहेत. आणि गल्लीतल्या घरांपुढे 'ऐकलं' उमटलं. एकापाठोपाठ एक, पहिल्या घंटीला. आता वस्तीतली जिवंत माणसं चाचणीच्या दिवशी काय करतात ते मी सांगायला नको. या सभागृहातले निम्मे लोक आमचा नंबर बघून फोन कापतात. हसू नका, आम्हाला दिसतं ते! पण खालची गल्ली कधीच फोन कापत नाही. तिथली माणसं जणू फोनच्या शेजारीच बसलेली असतात.

मी घाबरले, हे स्पष्ट सांगते. रात्री दिवा लावून झोपायला लागले. काकांनी गल्लीपर्यंत जाऊन पुन्हा पाहिलं, तार नाहीच. बाई मात्र घाबरल्या नाहीत. त्या पडद्यावर एकाच घराकडे बघत राहायच्या. बाकी सगळी गल्ली 'ऐकलं' म्हणायची आणि त्या घरातली घंटी वाजत राहायची, कोणी उचलायचं नाही. ते ताईंचं घर होतं. बाई हसून म्हणायच्या, "ताई पहिल्यापासून अशीच. शेजारणीच्या दारात गप्पा मारत उभी असेल, घरात फोन बोंबलतोय." हसायच्या, आणि मग चष्मा पुसत बसायच्या. निवृत्तीला आलेल्या बाईंनी मुदतवाढ का मागितली, याची खात्यात बरीच चर्चा झाली. कारण एवढंच होतं. त्यांना ताईंनी फोन उचललेला हवा होता.

अध्यक्ष महोदय, आपलं म्हणणंही बरोबर आहे. जिथे घरंच नाहीत तिथून 'ऐकलं' येतात, वरच्या कार्यालयाला काय उत्तर द्यायचं? आपण मोठ्या मनाने बाईंच्या शेवटच्या दिवसापर्यंत सवलत दिलीत आणि मला सांगितलंत, उद्यापासून 'वगळ' हा शब्द परत टाका. म्हणजे आज सकाळची चाचणी ही बाईंसाठी शेवटची होती.

मी सकाळी खोलीत गेले. चाचणी सुरू झालेली होती. गल्लीतली बाकी सगळी घरं 'ऐकलं' म्हणत होती आणि ताईंच्या घरापुढे एक नवाच शब्द होता: 'व्यस्त'. मी म्हटलं, "बाई, ताई कोणाशी तरी बोलताहेत!" बाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या कानाला टेबलावरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर होता. पुराच्या दिवशीचा तोच काळा फोन, आठवण म्हणून ठेवलेला. त्याची वायर खोलीला रंग दिला तेव्हाच कापली आहे, तिचं टोक टेबलाखाली मला दिसत होतं.

बाई म्हणत होत्या, "नाही गं, मी रागावले नाही. तूच रागावली असशील असं वाटायचं. लावत होते गं मी, खालपर्यंत येतच होते." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेवटी म्हणाल्या, "हो, आजच. त्याच सभागृहात. सगळ्यांना घेऊन ये. शेवटची ओळ ठेवायला सांगते."

रिसीव्हर ठेवून त्यांनी तोंड धुतलं आणि मला म्हणाल्या, "चहा सांग. आणि उद्याचं तू ठरव. मी सांगणार नाही."

मघाशी बाईंना शाल दिली तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष होतं. टाळ्या आधी मागून सुरू झाल्या आणि मग पुढे आल्या. शेवटच्या ओळीपासून, अगदी प्रोग्राममध्ये आहे तशा. मागे वळून बघू नका, कृपा करून. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल.

अध्यक्ष महोदय, बाईंच्या जागी उद्या मी बसते आहे. आपल्या आदेशाचा पूर्ण मान राखून सांगते, नुसता बाण असता तर कदाचित मी निमूटपणे टाकला असता. पण बाईंनी त्याला नाव दिलं आहे, आणि तो शब्द माझ्या हाताने मला लिहावा लागेल. तो मी लिहिणार नाही. हे 'ऐकलं' कुठून आले, असं विचारलं गेलं तर उत्तर द्यायला मला पाठवा.

बाई, तुम्हाला निरोगी, निवांत आयुष्य लाभो. चहा गार झाला, त्याचा दोष माझा. ही संधी दिल्याबद्दल संयोजकांचे, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे, आणि इतक्या लांबून वेळेवर आल्याबद्दल शेवटच्या ओळीतल्या मंडळींचे, विशेषतः ताईंचे, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर तो माझा विसराळूपणा समजा. मुद्दाम कोणालाही वगळलेलं नाही.