बटणाला कुंकू

...आणि वर गुंडूराव मलाच विचारतात, "पूजा केली ती चुकली का रे बाबा?" अहो, पूजा कशी चुकेल? अगदी यथासांग झाली, तीच तर भानगड झाली! तुम्हाला सांगतो, देवाचं काम इतकं मन लावून करणारा माणूस ऑफिसात असू नये. असलाच तर त्याला बोटं नसावीत... जाऊ दे, सणासुदीचं वाईट बोलू नये. मी चामराजपेटचा, तीन पिढ्या बेंगळूरात गेल्या, तोंड सांभाळायची सवय आहे आम्हाला. पण त्या दिवशी मल्हारचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं!

मल्हार म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतला पोरगा. पुण्याचा. हुशार. हुशार आहे हे मी सांगायची गरज नाही, ते तो स्वतःच सांगतो. पण बिचाऱ्याला आधीच्या कंपनीनं एका सकाळी पेटीत सामान भरून घरी पाठवलं होतं, मग कितीतरी महिने घरी बसून काढले, तेव्हापासून नोकरी जाईल हीच धास्ती. आता कुठं इथं बस्तान बसत होतं, मल्लेश्वरमला भाड्यानं घर मिळालं, बायको, म्हणजे अंजली, तिकडची नोकरी सोडून नुकतीच येऊन पोचली, अजून तिचे डबेसुद्धा उघडले नव्हते... आणि याला काम काय दिलं? तर ऑफिसची जी आतली वेबसाइट आहे ना, आपल्याच माणसांपुरती, तिच्यावर बटणं लावायची! रजा हवी, बटण. खुर्ची मोडली, बटण. पुढचं सगळं आपोआप! अर्ज आपोआप जातो, आमच्या वरच्या म्याडमना निरोप आपोआप जातो, त्यांनी मंजूर केलं की पुढच्याला निरोप, त्याच्या पुढच्याला निरोप. कागद नाही, कुणाच्या टेबलाशी अवघडून उभं राहणं नाही. मल्हार सांगत सुटला, "बटण दाबलं की काम झालं!" कॅन्टीनमध्ये तेच, लिफ्टमध्ये तेच. बटण दाबलं की काम झालं! कान किटले हो आमचे.

आणि त्यातच एक बटण राजीनाम्याचं. ते तर त्यानं काय प्रेमानं केलेलं! म्याडमनी 'मंजूर' केलं रे केलं की माणसाचा पास बंद, लॅपटॉप बंद, आणि जागाच रद्द. जागा का रद्द? तर वरून हुकूम, गेलेल्याच्या जागी नवा माणूस घ्यायचा नाही. मी म्हटलं, अरे, इतकी घाई कशाला, माणसाला जरा पाणी तरी पिऊ दे! तर म्हणतो, "सर, प्रोसेस इज प्रोसेस. बटण दाबलं की काम झालं!"

बरं, आमच्या शिवलीला म्याडम. मनानं सोनं! आजवर कुणाला नाही म्हटलेलं ठाऊक नाही. पण वाचत नाहीत हो! बनशंकरीहून येता-जाता ट्रॅफिकमध्ये बसून फोनवर नुसतं मंजूर, मंजूर, मंजूर. मी एकदा चुकून कोरा अर्ज पाठवला, तोही मंजूर!

तर ती खंडेनवमी. इथं ऑफिसात आयुधपूजा म्हणजे काय थाट, तुम्हाला ठाऊक आहे. प्रिंटरला कुंकू, लिफ्टला कुंकू, कॉफीच्या मशीनला झेंडूची माळ. पूजेला आमचे गुंडूराव, ऑफिसची सगळी व्यवस्था बघतात ते, सोवळ्यातच आलेले. दाराशी तो मोठा टच स्क्रीन लावलाय, त्यावर मल्हारचीच बटणं, आणि सकाळीच सगळ्यांना करून दाखवलं म्हणून मल्हारच्याच नावाच्या लॉगिननं उघडा राहिलेला! हा कुठं? हा आत, प्रसादाच्या कडलेपुरीचे, म्हणजे चुरमुऱ्यांचे, पुडे भरतोय. गुंडूराव स्क्रीनसमोर उभे राहिले. "हे नवीन आयुध की रे! याला कोण कुंकू लावणार?" आणि लावलं हो... एकेका बटणाला! रजेला ठिपका. खुर्ची-दुरुस्तीला ठिपका. राजीनाम्याला ठिपका! तर स्क्रीनवर एक चौकट आली, 'नक्की ना?' आणि खाली 'हो'. गुंडूराव म्हणाले, "अय्यो, हे एक राहिलं की," आणि त्यालाही ठिपका! वर अक्षता! वर नमस्कार!

आत मल्हारचा फोन टिंग. 'आपली रजेची विनंती पोचली.' टिंग. 'आपल्या खुर्चीची तक्रार पोचली.' टिंग. 'आपला राजीनामा शिवलीला म्याडमकडे मंजुरीसाठी गेला आहे. आजवरच्या सेवेबद्दल आभार.' ते आभार यानंच लिहिलेले! पुडा हातातून सुटला, कडलेपुरी सगळ्या फरशीवर. आणि म्याडम? म्याडम घरच्या पूजेला म्हणून निघून गेल्या होत्या... बनशंकरीला... ट्रॅफिकमधून... फोन हातात!

पळालो. मल्हार पुढं, मी मागं. रस्त्यावर ऑटो एकच, देवाप्पाची. दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधलेले, आणि देवाप्पा कापूर पेटवतोय. "स्वल्प इरी सार, जरा थांबा. चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय गाडी हलत नाही." मल्हार म्हणतो, "अहो, माझी नोकरी चाललीय!" देवाप्पा म्हणतो, "म्हणून तर पूजा करायची सार, नोकरी राहते!" घ्या! निघाली एकदाची. मल्हार फोन लावतोय, वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. केळीचं पान येऊन तोंडावर आपटतंय. एरवी मला 'सर, सर' करणारा पोरगा 'काका, काका' करायला लागला. "काका, दाबलं असेल का हो? काका, अंजलीला काय सांगू? परत घरी बसायचं नाही हो मला, काका!" तुम्हाला सांगतो, इतका वेळ मला हसू येत होतं, ते तिथं गेलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी त्याचा हात धरला आणि मनात म्हटलं, देवी, आज त्या बाईला ट्रॅफिक लागू देऊ नकोस! आज एकाही सिग्नलला थांबवू नकोस तिला!

पोचलो. दार म्याडमच्या सासूबाईंनी उघडलं. म्याडम मागून आल्या, हाताला हळद. मल्हार धापा टाकत, "म्याडम, फोन! फोन कुठाय?" म्याडमनी देवघराकडं बोट केलं. फोन देवीसमोर! पाटावर, अडकित्ता, कात्री, गाडीची किल्ली, आणि मधोमध फोन. कपाळभर... म्हणजे काचभर कुंकू, वर जास्वंद. आल्या आल्या सासूबाईंनी काढून घेतलेला. मल्हार पुढं झाला तशा कडाडल्या, "मुट्टबारदु! नाळे!" हात लावायचा नाही, उद्या! पूजेला ठेवलेलं आयुध दसऱ्याशिवाय उचलायचं नाही. म्याडम म्हणाल्या, "आज वाटेत सगळे सिग्नल हिरवे मिळाले, काही बघताच आलं नाही. काय झालं मल्हार?" त्यानं तिथंच साष्टांग घातला. देवीला की फोनला की सासूबाईंना, मला कळलं नाही. रडला हो, हसत हसत रडला. सासूबाईंनी आम्हाला पोटभर होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली, वर तुपाची धार. असं अन्न मी जन्मात खाल्लं नाही.

दसऱ्याला सकाळी परत हजर. उत्तरपूजा झाली, म्याडमनी फोन पुसला, उघडला, आम्ही श्वास धरून. "मल्हार, नामंजूर कुठं दाबू?" मल्हार वाकला. स्क्रीन वरखाली सरकवून बघितला. अहो, 'नामंजूर' बटणच नव्हतं! यानं केलंच नव्हतं! का, तर म्याडम कधी नाही म्हणतच नाहीत, मग उगाच एक बटण कशाला वाढवा? बरं, 'राजीनामा मागे घ्या'? तेही नाही. गेलेला माणूस परत कशाला येईल! बटण दाबलं की काम झालं, पण न दाबायचं बटण कुणी करायचं?

शेवटी म्याडम म्हणाल्या, "सरी बिडी, जाऊ दे, मी दाबतच नाही." झालं! सुटला! अंजलीला फोन लावून म्हणाला, "डबे उघड." खुर्ची दुरुस्त करणारा मात्र येऊन गेला, चांगल्या खुर्चीतून आता करकर आवाज येतो.

तेव्हापासून रोज सकाळी म्याडमच्या फोनवर आठवण येते, 'मल्हार यांचा राजीनामा मंजुरीच्या प्रतीक्षेत.' आपोआप! मी म्हटलं, अरे शहाण्या, एक 'नामंजूर' बटण लाव आणि मोकळा हो. तर म्हणतो, "काका, नवीन बटण लावायचं तर म्याडमची मंजुरी लागते. म्हणजे त्यांच्या फोनवर माझ्या नावाचे दोन निरोप. एक दाबायचा, एक नाही. आणि म्याडम वाचत नाहीत."

मग?

"राहू दे काका. नोकरी लटकतीच बरी आहे."