नवव्या ग्रीनवरची पावलं

(जॉर्जियातला एक गोल्फ क्लब. फेब्रुवारीतली सकाळ. हार्लन टिडवेल, निवृत्त मैदानप्रमुख. वेड, त्याचा मुलगा, आता त्याच पदावर. ग्रीन म्हणजे झेंडा रोवलेल्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ.)

हार्लन : गाडी का वळवलीस? नववं ग्रीन दाखव की.

वेड : तिथं काय बघायचंय, डॅडी? चला, मक्याचे गरम ग्रिट्स खाऊ.

हार्लन : ग्रिट्स कुठं पळून जात नाहीत. त्या दिवशी फवारणीला मला हौसेनं नेलंस, आणि आता बघायला नको?

वेड : झकास झालंय सगळं. फेअरवेच्या लांब पट्ट्यावरचं तण मेलं.

हार्लन : मरणारच! थंडीत आपलं गवत झोपलेलं, हिरवं दिसेल तेवढं तण. शेंबडं पोरही मारेल. फक्त ग्रीनवरचं गवत जागं असतं, त्याला तणाचं औषध लागता कामा नये... थांब. थांबव गाडी! अरे देवा, ते काय?

वेड : पावलं.

हार्लन : झेंड्यापर्यंत गेली नि परत आली. पिवळीजर्द! औषधानं भिजलेले बूट घालून ग्रीनवर चढला? कोण हा गाढव?

वेड : लमार.

हार्लन : लमार? माझ्या हाताखाली तयार झालेला? बूट धुतल्याशिवाय तो ग्रीनच्या कडेलाही फिरकत नाही.

वेड : चुकतो माणूस.

हार्लन : क्लबची कमिटी काय म्हणाली?

वेड : काढलं त्याला. सोमवारी.

हार्लन : बरं केलं. मीही काढला असता... वेड, इकडे ये. उजवं पाऊल नीट उमटलंय. डावं बघ, नुसतं फरफटलंय. लमार कधीपासून लंगडायला लागला?

वेड : चला ना डॅडी, गारठा आहे.

हार्लन : फरफटतो तो माझा पाय. फवारणीच्या दिवशी पाइनची फांदी पडली होती झेंड्यापाशी. मीच गेलो होतो उचलायला. सवयीनं.

वेड : माहीत आहे.

हार्लन : माहीत आहे? आणि तू लमारचं नाव घेतलंस?

वेड : तुमचं घेतलं असतं तर फाटकाच्या आत घेतलं नसतं तुम्हाला. मम्मा गेल्यावर तुम्हाला दुसरं आहे काय?

हार्लन : लमार काय म्हणाला?

वेड : पावलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मिस्टर हार्लनना कळू देऊ नका.

हार्लन : मेल्याहून मेल्यासारखं झालं रे. जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, बूट धुवा, बूट धुवा. आणि स्वतःच माती खाल्ली.

वेड : तुमची नुसती चूक, डॅडी. पाप माझं. तोंड दाखवायची लाज वाटते मला.

हार्लन : वाटायलाच हवी. गाडी काढ.

वेड : कमिटीकडे?

हार्लन : तिकडे मागाहून. आधी लमारच्या घरी.

वेड : आत्ता? रविवार आहे. बायको, पोरं, त्याची आई, सगळी घरात असतील.

हार्लन : असू देत. त्याला काढल्याचं त्या सगळ्यांनी ऐकलंय ना? मग हेही त्यांच्यासमोरच सांगू.