खंड्याची पाठ

(घरामागची भिंत. वर्षाचा शेवटचा रविवार, सकाळ.)

मिस्त्री : ...तर ताई, माल कालवलाय. आता अर्धा तास तो तुमचा. त्यानंतर तो माझंही ऐकत नाही.

मुलगी : बाबा, निळे तुकडे किती आहेत?

बाबा : अकरा. तीनदा मोजले. तिसऱ्यांदाही अकराच भरले.

मुलगी : आणि लागतील किती?

बाबा : पाठ आणि शेपटी धरून चाळीसेक.

मिस्त्री : मग पांढरे लावा की. पांढऱ्या तुकड्यांची बादली भरलीये.

बाबा : मिस्त्री, तुम्ही पांढऱ्या पाठीचा खंड्या कधी बघितलाय?

मिस्त्री : मास्तर, मी पक्षी बघत नाही. मी ओळंबा बघतो.

मुलगी : आई म्हणायचीच, निळा पुरणार नाही.

बाबा : दर जानेवारीला म्हणायची. पहिल्या तारखेला कोळशाने या भिंतीवर खंड्या काढायचा, आणि जाहीर करायचं, ‘यंदा भिंत करायचीच! फक्त थोडा निळा जमू दे.’ पुढे पाऊस आला की खंड्या धुऊन जायचा आणि बाई वर्षभर निवांत.

मिस्त्री : किती वर्षं चाललं हे?

बाबा : सव्वीस. फुटक्या कपबशांनी माळा भरला, पण भिंतीवर एक तुकडा लागला नाही. आणि बघ पोरी, शेवटी तिचंच खरं झालं. निळा पुरला नाही.

मुलगी : तिचंच खरं झालं. पण भिंत भरत आली ना, बाबा? दर रविवारी एक वीत, असे एकावन्न रविवार झाले. आधी तुकडे मोजत बसलो असतो, तर आपणही माळाच भरला असता.

बाबा : त्यातले पहिले दोन रविवार, वीत तुझी धरायची की माझी, या भांडणात गेले.

मिस्त्री : आणि तिसऱ्या रविवारी सगळे तुकडे खाली! भिंत न खरवडता चुन्यावर चिकटवायला निघालेले दोघं. शिकलेली माणसं!

मुलगी : म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

मिस्त्री : बोलावलं कुठलं? पडल्याचा आवाज ऐकून मीच आलो. ताई, वीस मिनिटं राहिली.

मुलगी : बाबा, स्वयंपाकघरात एक निळा आहे.

बाबा : कुठला?

मुलगी : तुम्हाला माहितीये.

बाबा : तो फुटलेला नाही.

मुलगी : नाही.

बाबा : तिचा कप आहे तो. दीड वर्ष मी त्यातच चहा घेतोय. आज सकाळीही घेतला.

मुलगी : मग राहू दे. मी फोडा म्हणत नाहीये.

मिस्त्री : अहो, एक निळा कप दुकानातून आणला तर आभाळ कोसळेल का?

मुलगी : घरात फुटलेलंच लावायचं, हा आईचा नियम होता. विकतचा एक तुकडा नाही या भिंतीत.

मिस्त्री : मग आज थांबू. माल गेला तर गेला, दुसरा कालवेन. पुढच्या रविवारी करू.

बाबा : हां. हे बरं. पुढच्या रविवारी.

मुलगी : पुढचा रविवार पुढच्या वर्षात आहे, बाबा.

मिस्त्री : पंधरा मिनिटं.

बाबा : ...एक सांगू? ती पिवळी बशी तू फोडली नव्हतीस.

मुलगी : कुठली? जिच्यापायी मी आठवडाभर बोलणी खाल्ली ती?

बाबा : तीच. तुझ्या आईला सूर्यासाठी पिवळा हवा होता. मी खिडकीतून बघत होतो. बशी टॉवेलात गुंडाळली, उंबऱ्यावर ठेवली, हातोडीचा एक ठोका दिला. आणि बाहेर येऊन कपाळाला हात लावून म्हणते, ‘काय ही कार्टी!’

मुलगी : आणि तुम्ही गप्प बसलात?

बाबा : तू नऊ वर्षांची होतीस. वाटलं, विसरशील.

मुलगी : पंचवीस वर्षांत एक दिवस विसरले नाही!

बाबा : घरात फुटलेलंच लावायचं, असं म्हणायची. आपोआप फुटलेलं, असं काही म्हणाली नव्हती ती. जा, टॉवेल आण. कपही आण.

मुलगी : बाबा, नक्की?

मिस्त्री : मास्तर, मी खरंच दुसरा माल कालवू शकतो.

बाबा : नको. सव्वीस वर्षं दुसरा मालच कालवत होतो आम्ही. आज.

मुलगी : हा घ्या. गुंडाळलाय. मी मारू?

बाबा : मी मारतो.

मिस्त्री : मास्तर, ती हातोडी आहे, खडू नाही. जोरात!

बाबा : ...फुटला?

मुलगी : उघडून बघा.

बाबा : अगं, हे सगळे बाकदार निघाले.

मुलगी : पाठीला बाक हवाच होता. द्या इकडे. हा मानेखाली. हा त्याच्या शेजारी.

मिस्त्री : दाबा, दाबा. ताकद नको, तळव्याने. मास्तर, तुम्ही शेपटी घ्या. तिथे माल लवकर सुकतो.

बाबा : सत्तावीस... अठ्ठावीस...

मुलगी : मोजू नका, लावा!

मिस्त्री : वरच्या कडेला एक जागा राहिली.

बाबा : हा तू लाव. सुरुवात तू केलीस.

मुलगी : नाही, तुम्ही.

मिस्त्री : अरे, कुणीतरी लावा! माल माझ्या डोळ्यांदेखत दगड होतोय!

मुलगी : लावला. लावला, बाबा! बसला!

मिस्त्री : झाली! मास्तर, भिंत झाली तुमची! तीस वर्षं भिंती बांधतोय, पण बांधून झाल्यावर ओरडावंसं आज पहिल्यांदा वाटतंय.

मुलगी : मग ओरडा की!

मिस्त्री : वरच्या मजल्यावरची माणसं काय म्हणतील?

मुलगी : त्यांनाही खाली बोलवा. सगळ्यांना बोलवा! बाबा, बोला ना काहीतरी.

बाबा : मिस्त्री, तुम्ही मधे उभे आहात. जरा बाजूला व्हा. मला सगळी बघू द्या.