कोपऱ्यातली क्लिप

अरे, पूर्वी कॉम्प्युटरवर टाइप करताना पडद्याच्या कोपऱ्यात एक डोळेवाली, कागदाला लावायची क्लिप नाचायची, आठवतं? इंदापुरात माझं टायपिंगचं दुकान होतं. एकदा लोणी देवकरचे एक तात्या आले. बायको वारली होती, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण टाइप करायचं होतं. मी तिचं नाव टाइप केलं, तोच ती क्लिप डोळे मिचकावत इंग्रजीत विचारायला लागली, मदत हवी का?

तात्या म्हणाले, "ह्ये डोळं काय मिचकावतंय? घालवा की त्याला."

कशी घालवायची ते मलाही ठाऊक नव्हतं. खटपट करून एकदाची बंद केली. पडद्यावर नुसतं नाव राहिलं.

तात्या त्या नावाकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "ह्याला जा म्हणावं लागलं. हिला मी थांब म्हणत हुतो, तर थांबली न्हाय."