पावरीची रेघ

मालिनी : आणि बोलणं? माझं बोलणं नीट येतंय ना कानात?

बहिरू : येतंय की, ताई. तुमचं येतंय, माझ्या पोरीचं येतंय, एसटीच्या कंडक्टरचं पन येतंय. कानाच्या मशीनची तक्रार नाय माझी. ही मैना ऐकंना, म्हणून पेठवरनं आलो.

मैना : मॅडम, बाबांनी भोपळ्याची पावरी फुंकायची सोडलीय. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पन्नास वर्षं हेच वाजवायचे. नाचणारे दमायचे, यांचा सूर दमायचा नाही. दीड वर्षापूर्वी तुम्ही हे मशीन लावलं. तेव्हापासून म्हणतात, सूर तुटतो. आज पावरी हरसूलच्या बुधाला देऊन टाकायला निघाले होते. मी म्हटलं, आधी नाशिक.

बहिरू : फुंक सरली माझी. देवाम्होरं तुटका सूर नाय वाजवायचा.

मालिनी : तुटतो म्हणजे नक्की काय होतं, बाबा?

बहिरू : सुरुवातीला नीट असतो. मग थरथरतो, बारीक होतो, मधीच गायब. गालात हवा धरायची, नाकानं घ्यायची, त्यात कधी चुकलो नाय. आता माझी चूक मलाच ऐकू येतीय.

मालिनी : हे मशीन आवाज जसाच्या तसा कानात सोडत नाही. आत दाण्याएवढी चिप आहे. माईकमधून आलेला आवाज ती सेकंदाला वीस हजार वेळा मोजते, त्याचे आकडे करते. मग ते आकडे चाळते, जाड आवाज वेगळे, बारीक वेगळे. तुम्हाला जे कमी ऐकू येतं ते वाढवते, आणि आकड्यांचा परत आवाज करून कानात सोडते.

बहिरू : म्हंजे मी आकडे ऐकतो.

मालिनी : तसंच समजा. पण वाढवायच्या आधी ती निवाडा करते, हे बोलणं की नुसता गोंगाट? माणूस बोलताना चढतो, उतरतो, थांबतो. पंखा, मोटर थांबत नाहीत. एकसारखं काही आलं की ती दाबते. शिवाय मशीन स्वतःच कधीकधी शिटी मारतं. तशी लांब शिटी वाटली, की तिच्यावर उलटा आवाज टाकून पुसून काढते.

बहिरू : पावरी तर थांबतच नाय. थांबली तर ती पावरी कसली?

मालिनी : तेच तर. तुम्ही जितकं अखंड वाजवाल, तितकं हे तोडणार. तुम्ही वाजवता का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. फॉर्मवर 'शेती' वाचलं, आणि पुढं विचारलंच नाही. माझं चुकलं.

बहिरू : माझं मन राखायला बोलू नका, ताई. तसं एक जण बोलून गेलंय.

मालिनी : मग बोलत नाही. मशीन काढा आणि वाजवा. हा माईक कॉम्प्युटरचा आहे, तुमच्या कानाचा नाही. आवाजाची रेघ समोर उमटेल.

(बहिरू मशीन टेबलावर ठेवतो आणि पावरी वाजवतो. बऱ्याच वेळानं थांबतो, मशीन पुन्हा कानाला लावतो.)

मालिनी : इथं सुरू केलीत, इथं थांबवलीत. मध्ये कुठं तुटली असेल तर बोट ठेवा.

मैना : बाबा?

बहिरू : नाय तुटली.

मालिनी : मी मशीनमध्ये दुसरा प्रोग्रॅम टाकून देते. हे बटण दाबलं की निवाडा बंद. मधूनच शिटी मारेल, पण पावरीला हात लावणार नाही.

बहिरू : माघात हिची आई अंथरुणावर होती. लंका. म्हनली, वाजव. मी जराशी वाजवली नि ठेवून दिली. म्हनलं, तुटतोय गं. तर म्हनती, नाय तुटत, मला सगळा ऐकू येतो. मी चिडलो. म्हनलं, जाता जाता तरी खरं बोल. चार दिसांनी गेली.

मैना : बाबा, तुम्हाला तरी काय माहीत होतं?

बहिरू : तिला माहीत होतं ना. ती सांगत होती, नि मी या मशीनचं ऐकलं.

मैना : पेठची गाडी एकला आहे. बुधाला काय कळवू?

बहिरू : कळव, पावरी मिळणार नाय. शिकायचं असंल तर घरी ये.

मालिनी : बटण लक्षात राहील ना? एकदाच दाबायचं.

बहिरू : राहील. ताई, ती रेघ कागदावर निघंल का? लंकाच्या फोटूखाली ठेवायची हाय.