गर्जन दारवानाची चौदा वाक्यं

…आणि वर मलाच विचारतो, "काका, तुम्ही वर्णनं वाचलीच नाहीत?" नाही वाचली! का वाचावीत? वर्णनाला कधी टाळी पडलेली ऐकलीय तुम्ही? मी आपली बोलणी वाचली, पेन्सिलीनं खुणा करकरून वाचली, सहाच्या सहा खंड, एकेक खंड उशाला घ्यावा एवढा जाड! तरी चूक माझीच. बरं, माझी तर माझी. मला काही फरक पडत नाही, पण तुम्हाला सांगतो…

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी सखाराम. सावर्ड्याहून आत चार मैलांवर आमची वाडी. वाडीचं नमन मंडळ आहे, आणि त्या मंडळात मी एकतीस वर्षं सोंगं घेतोय. कुठली म्हणाल? दुसरा शिपाई. तिसरा राक्षस. प्रधानाच्या मागचा माणूस. एका वर्षी तर मी वादळ होतो! काळं घोंगडं पांघरून इकडून तिकडे पळालो, संपलं वादळ. एकतीस वर्षांत माझी बोलणी किती, तर "होय महाराज" आणि "पळा!" बस. माझी कधी तक्रार नव्हती हो. पण गेल्या मे महिन्यात आमच्या राहीचं लग्न झालं, मुंबईत दिली तिला, आणि मांडवात व्याह्यांनी विचारलं, "राही सांगते बाबा नमनात असतात, कुठली भूमिका करता?" मी तोंड उघडणार एवढ्यात पोरगी म्हणते कशी, "बाबा ना? सगळ्या मोठ्याच!" आता लग्नाच्या मांडवात पोरीला खोटी पाडायची का? मी आपला जिलबी खात राहिलो.

आणि यंदा मंडळाचा प्रयोग मुंबईला ठरला! दुपारचा, चांगल्या नाट्यगृहात. राहीचा फोन. "बाबा, सासरचे सगळे येणार आहेत. अकरा तिकिटं घेतलीत." अकरा! मला काही फरक पडत नाही, पण अकरा माणसं वादळ बघायला येणार?

त्यात वग लिहायला घेतला आमच्या पुतण्यानं, नितेशनं. तो कॉम्प्युटरवाला, घरी बसून काम करतो, रेंज मिळावी म्हणून काजूच्या झाडाखाली बसतो. तो म्हणाला, "काका, राजा हरिश्चंद्र बस झाला. यंदा आपण 'काळ्या कड्याचं राज्य' करू." हे काय, तर सहा खंडांची जादूची कादंबरी. युवराज आहे, उडती घोरपड आहे, बोलणारा डोंगर आहे. युवराजाचं काम नितेशनं स्वतःकडे ठेवलं, घोरपड मंडळातल्या बाळा नावाच्या पोराला दिली, आणि उरली दोन पात्रं. एक गर्जन दारवान, एक तरंगू नावाडी. आणि माणसं उरली दोन. एक मी, एक आमचा चुलत भाऊ सदू. नितेश म्हणाला, "तुम्ही दोघं रविवारपर्यंत ठरवा." आणि त्याच्या मोबाईलवर म्हणे सातशे पोरांचा ग्रुप आहे, तिथे वर्षभर हेच भांडण चाललंय, गर्जन मोठा की तरंगू मोठा! सातशे माणसं! ह्यांच्याकडे भात झोडायचं नसतं का?

आमचं झोडून झालं होतं. मी खळ्यात चटई टाकली, सहा खंड रचले आणि पेन्सिल घेतली. गर्जन बोलला की उभी रेघ, तरंगू बोलला की गोल. बायको, आमची सखू, सुपातलं भात पाखडता पाखडता म्हणते, "अवो, पुस्तक वाचताय का पोरांचे पेपर तपासताय?" तिला काय सांगणार! नवव्या दिवशी हिशेब लागला. गर्जनाची वाक्यं चौदा. तरंगूची नऊ, आणि वर एक गाणं. चौदा, बरं का! शिवाय मान बघा. दारवान कुठे उभा? राजाच्या दारात. येणारा-जाणारा आधी त्याच्याशी बोलणार, मग राजाशी. नावाडी बिचारा नदीवर, चिखलात, राजवाड्यात त्याला पाण्याचा तांब्या तरी कोण विचारतो? सखू म्हणाली, "नावाड्याचा घ्या. तो बसून असतो. तुमचा गुडगा काय म्हणतो त्याला पन इचारा!" मी म्हटलं, तुला कलेतलं काय कळतं?

आणि रविवार येण्याआधी, शुक्रवारीच, देवळात जाऊन मी सोंगाचा नारळ घेतला. आमच्या मंडळाची पद्धत अशी की ग्रामदेवतेपुढे नारळ घेतला की ते सोंग तुमचं, ते प्रयोग होईपर्यंत बदलायचं नाही, ताप आला तरी नाही. गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान दारवानाचा सोंग घेतलान हाय, ता तडीस ने रे म्हाराजा!" आणि मागे कोणीच नव्हतं म्हणून "होय म्हाराजा" पण मीच म्हटलं. सदूला कळलं तेव्हा तो पेजेचं ताट तसंच ठेवून धावत आला. आला तर मी नारळ घेऊन पायऱ्या उतरतोय! काय तोंड झालं होतं त्याचं! तो सदू, जो दाभोळच्या फेरीबोटीत डोळे मिटून रामरक्षा म्हणतो, तो आता नावाडी! मला आनंद वगैरे झाला नाही. मी आपलं फक्त बघितलं.

तालमीच्या पहिल्याच दुपारी नितेशनं पिशवीतून एक डबड्यासारखं काहीतरी काढलं. म्हटलं काय रे हे? "काका, तुमचा मुखवटा. गर्जन जन्मभर लोखंडी मुखवट्यात असतो ना! पहिला खंड, पान चौदा." पान चौदा! उघडून बघितलं. आहे! पण वर्णनात आहे! बोलण्यात कुठे नाही! आणि मग तो म्हणाला ते, वर्णनं वाचलीच नाहीत का म्हणून.

बरं, मुखवटा तर मुखवटा, आवाज तर आहे? पत्र्याचा मुखवटा, दोन भोकं. मी आत गर्जलो, "कोण आहे रे तिकडे!" बाहेर सदू म्हणतो, "रांजणात मांजर पडलंय काय?" मग नितेशनं आत माईक लावून बघितला, तर अशी किंचाळी निघाली की शेजारच्या आवाठातल्या गोठ्यांतली गुरं दावी तोडून उधळली. शेवटी नितेश गोडीत म्हणतो, "काका, आपण सिम्बॉलिक करू. बोलायचं नाही. भाला ठोकायचा. एकदा ठोकला तर हो, दोनदा ठोकला तर नाही." माझी चौदा वाक्यं! दहा हो झाली, चार नाही झाली! सोंग बदलू म्हटलं, तर नारळ. मला काही फरक पडत नाही, पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

प्रयोग झाला. दोन तास चाळीस मिनिटं मी दारात उभा. दार जिथे, तिथे मी! उजवा गुडघा भाजलेल्या कणसासारखा फुटायचा बाकी होता. भोकांतून पहिल्या रांगेतली अकरा माणसं दिसत होती, मधे राही. आणि सदू आला. पाटाखाली चाकं लावलेली होडी, कमरेपर्यंत गोणपाटाची दाढी, आणि गायला लागला… खोटं कशाला बोलू, छान गायला. आवाज आमचा एकाच घराण्यातला. मी गायलो असतो तर तसाच गायलो असतो. व्याह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी बघितलं ना, भोकातून!

पडदा पडला. मुखवट्याची गाठ मागे नितेशनं अशी आवळलेली की सुटेना. तेवढ्यात व्याही आत आले, हातात शाल, मागे दहा माणसं, आणि सरळ जाऊन मिठी मारली कोणाला? दाढीला! "व्याहीबुवा! रडवलंत हो आम्हाला! राही म्हणत होती ते काही खोटं नाही!"

सदू माझ्याकडे बघायला लागला. शाल अर्धी उलगडलेली, आणि हा डोळ्यांनी मला विचारतोय, काय करू? मुखवटा निघत नव्हता हे खरं. पण मुखवट्यातूनही 'मी इकडे आहे' एवढं ऐकू गेलं असतं. मग राहीची सासू म्हणाली, "पोरी, तुझे बाबा मोठे कलाकार आहेत गं," आणि त्या सगळ्या माणसांत राही… काय सांगू तुम्हाला. मी भाला ठोकला. एकदा.

सदूनं शाल घेतली. खाली वाकून घेतली. जन्मात पहिल्यांदा.

सगळे फोटो काढायला गेले तेव्हा राही मागे आली, माझ्या मुखवट्याची गाठ सोडवायला लागली, आणि हळूच म्हणाली, "बाबा, पहिल्या प्रवेशापासून उजव्या पायावर भार देत नाहीयात. फार दुखतोय का?"

मी भाला दोनदा ठोकला.

झालं एवढंच. शाल सदूनं त्याच संध्याकाळी गाडीत माझ्या मांडीवर ठेवली, आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. आता व्याही शिमग्याला येतायत, चार दिवस राहणार, आणि फोनवर म्हणाले, "ते नावाड्याचं सगळं आम्हाला अंगणात बसून ऐकायचंय!" म्हणून गेले पंधरा दिवस सदू मला पाटावर बसवून शिकवतोय. गाणं बसलं. वाक्यं नुसती नऊ आहेत. मला काही फरक पडत नाही, पण तुम्हाला सांगतो, सातवं काही केल्या पाठ होत नाही!